उद्यांची काळजी आणि इंग्रजी शब्द



आजच्या भाषणाचा विषय आपणांस थोडा चमत्कारिक वाटेल. इंग्रजी भाषेची थोरवी, तिचें वाङ्मय, तिचें व्याकरण यांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें असेल. मी मात्र आज एवढेंच सांगणार आहें कीं, पुढें काय होईल ही जी मनाला लागून राहिलेली काळजी, ती इंग्रजींत बोलून दाखविण्यास कोणते शब्द लागतात, आणि ते कसे शिकावे. गोष्ट लहान आहे खरी. पण तिनें मला एकदां चांगलाच धडा शिकविला आहे. तो धडा आधीं सांगतों.

आमचें खापा हें कन्हान नदीच्या कांठचें, नागपूर जिल्ह्यांतील जुनें विणकरांचें गांव. कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन भाद्रपदांत, माझ्या शेजारचे एक वृद्ध विणकर तापानें आजारी पडले. दिवसां ताप उतरे, रात्रीं पुन्हा चढे. चार दिवस असें चालल्यावर त्यांच्या मुलानें त्यांना नागपुरास एका रुग्णालयांत नेलें, आणि इंग्रजी बोलणारा कोणी सोबत असावा म्हणून मलाहि बरोबर घेतलें. तेथील डॉक्टर दक्षिणेकडून नुकतेच आलेले होते. त्यांना मराठी मुळींच येत नव्हती आणि हिंदी बेताचीच येत होती. दोन दिवसांत म्हाताऱ्यांना आराम पडल्यासारखा दिसला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं डॉक्टरांनीं "आतां घरीं नेण्यास हरकत दिसत नाहीं" असें सुचविलें, आणि तुम्हांस कांहीं सांगावयाचें आहे काय, असें विचारलें. मुलगा माझ्या कानाशीं लागून म्हणाला, "गुरुजी, रातच्याला ताप पुन्हा चढन असं वाटते, त्यायले सांगा नं."

तसें मलाहि वाटत होतें. कारण आदल्या रात्रीं म्हाताऱ्यांचें अंग मला किंचित् कढत लागलें होतें. "ताप रात्रीं पुन्हा येईल अशी आम्हांस शंका आहे", हें मराठी वाक्य मनांत जुळवून मीं त्याचें शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलें : "वुई डाउट दॅट द फीव्हर विल कम बॅक ॲट नाईट." डॉक्टर हंसले, "गुड" म्हणाले, कागदावर सही केली आणि पुढच्या खाटेकडे वळले. मला वाटलें, आपलें म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें, तें त्यांच्या हिशेबांत असणारच. आम्ही खाप्यास परत आलों. मध्यरात्रीं म्हाताऱ्यांना अशी हुडहुडी भरली कीं, तीन गोधड्या घातल्या तरी दांतखिळी सुटेना. पहांट होण्यापूर्वीं मोटार करून पुन्हा नागपूर गांठावें लागलें.

ईश्वरकृपेनें म्हातारे पुढें बरे झाले. पण त्या दिवशीं डॉक्टर मला आश्चर्यानें म्हणाले कीं, ताप येईलसें वाटत नाहीं, असें तर तुम्हीच मला सांगितलें होतें! मीं विचार केला, आणि माझी चूक माझ्या ध्यानांत आली. डॉक्टरांचा त्यांत कांहींएक दोष नव्हता. "आय डाउट दॅट इट विल हॅपन" याचा आजच्या इंग्रजींत अर्थ "तें होईलसें मला वाटत नाहीं" असा होतो. म्हणजे मला सांगावयाचें होतें त्याच्या अगदीं उलट. ज्या माणसाची हयात मुलांना इंग्रजीचीं स्पेलिंगें घोकविण्यांत गेली, त्याला ऐन प्रसंगीं एक साधें काळजीचें वाक्य नीट बोलतां येऊं नये, ही गोष्ट मला फार लागली.

या चुकीचें मूळ काय तें पाहूं. आपल्या "शंका" शब्दाला दोन तोंडें आहेत. "तो येईल कीं नाहीं याची शंका आहे" असेंहि आपण म्हणतों, आणि "तो येणार नाहीं अशी शंका आहे" असेंहि म्हणतों. पहिल्या वाक्यांत मन दोहोंकडे हेलकावतें. दुसऱ्यांत तें एका बाजूला कललेलें असतें. इंग्रजींत या दोन अवस्थांना दोन शब्द आहेत. एखादी गोष्ट घडेल यावर विश्वास बसत नसेल तर "डाउट", आणि ती घडेल असें आंतून वाटत असेल तर "सस्पेक्ट" किंवा "फिअर". जुन्या इंग्रजींत, तसेंच स्कॉटलंडच्या बोलींत, "डाउट" हा शब्द भय वाटणें या अर्थानेंहि चालत आलेला आहे, त्यामुळें माझी चूक अगदींच निराधार नव्हती, असें म्हणून मनाचें समाधान करतां येईल. पण रुग्णालयांत जुनें इंग्रजी कामास येत नाहीं.

आणि मौज पहा : मला खरें बोलावयाचें होतें तें किती सोपें होतें! "वुई आर वरीड. द फीव्हर मे कम बॅक ॲट नाईट." हीं दोन वाक्यें मराठी शाळेंतील दुसऱ्या-तिसऱ्या यत्तेच्या मुलासहि समजतील. आपल्या राज्यांत २००० सालापासून मराठी शाळांतूनहि पहिल्या यत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें. म्हणजे हे शब्द आतां घरोघरीं पोंचले आहेत. उणीव शब्दांची नाहीं. कोणता शब्द कोठें बसतो, या जाणिवेची आहे. कोशाचीहि आपल्याला उणीव नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. परंतु कोशांत एका शब्दापुढें चार-पांच शब्द ओळीनें बसलेले असतात. त्यांतील कोणाला केव्हां हांक मारावी, हें ज्याचें त्यानेंच शिकावें लागतें.

आतां प्रथम आपल्या घरच्या शब्दाकडे वळूं. "काळजी" हा आपला सर्वांत जवळचा शब्द. काळीज आणि काळजी हे दोन शब्द कानाला तरी सख्खे बहीणभाऊ वाटतात. या एका शब्दावर आपण किती कामें लादलीं आहेत! आई मुलाची काळजी घेते, तो बाहेर गेला कीं तिला काळजी वाटते, आणि तो निघतांना म्हणतो, "आई, काळजी करूं नको." शब्द एकच, क्रियापद बदललें कीं अर्थ बदलला. इंग्रजींत मात्र येथें शब्दच बदलतो. काळजी घेणें म्हणजे "टेक केअर"; काळजी करणें म्हणजे "वरी"; काळजी वाटणें म्हणजे "बी वरीड". आमचीं मुलें "मी तुझी काळजी घेईन" याचें इंग्रजी "आय विल टेक युअर केअर" असें करतात. तें "आय विल टेक केअर ऑफ यू" असें पाहिजे. यांत मुलांचा दोष थोडा. शब्दाला शब्द ठेवण्याची आमची शिकवणच त्याला कारण.

दुसरी गोष्ट वाक्याच्या घडणीची. मराठींत काळजी "मला" वाटते. ती बाहेरून यावी, दार ढकलून आंत शिरावी आणि आपण नुसते तिचे यजमान व्हावें, अशी ही रचना आहे. इंग्रजींत "आय ॲम वरीड" असें म्हणतात. तेथें माणूस स्वतः कर्त्याच्या जागीं उभा राहतो. म्हणून "टु मी वरी कम्स" अशा थाटाचीं वाक्यें जीं कधीं कधीं उत्तरपत्रिकेंत दिसतात, तीं मराठी रक्ताचीं इंग्रजी लेंकरें होत. इंग्रजी वाक्य बोलतांना "मला" सोडून "मी" पासून आरंभ करावा. अर्धी चूक तेथेंच टळते.

आतां शब्दांकडे वळूं. काळजीच्या इंग्रजी शब्दांची एक शिडी आहे, आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें पाहून शब्द निवडावयाचा असतो. उदाहरण आमच्या भागांतलेंच घेतों. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत संत्र्याच्या बागांत मृग बहराचीं फळें झाडावर तयार असतात आणि आंबिया बहराची फूल-फळधारणा होत असते. या वेळीं गारा पडल्या तर दोन्ही बहर एकदम हातचे जातात. अशा दिवसांत एक बागायतदार सकाळीं उठतो. आभाळांत विशेष कांहीं नाहीं. पण वारा पडला आहे, हवा कोंदलेली आहे, आणि कारण सांगतां येत नसतांहि त्याच्या मनाला चैन पडत नाहीं. ही जी हुरहूर, तिला इंग्रजींत "अनईझी" हा शब्द आहे : "आय फील अनईझी टुडे." दुपारीं पश्चिमेकडे ढग दिसूं लागले. आतां हुरहुरीला कारण मिळालें, तिची काळजी झाली : "आय ॲम वरीड अबाउट द क्रॉप." हा रोजच्या व्यवहारांतला शब्द, घरांत, शेजाऱ्यापाशीं, फोनवर बोलतांना हाच वापरावा.

पण तोच बागायतदार चारचौघांच्या सह्या घेऊन कचेरींत अर्ज देईल, तेव्हां "वरीड" हा शब्द थोडा घरगुती वाटेल. तेथें "कन्सर्न्ड" शोभतो : "वुई आर कन्सर्न्ड अबाउट द क्रॉप." यांत घाबरेपणा नाहीं, या गोष्टीकडे आमचें लक्ष लागलें आहे आणि आपणहि तें द्यावें, असा गंभीर भाव आहे. संध्याकाळीं विजा चमकूं लागल्या आणि हवामानखात्यानें वादळाचा इशारा दिला. आतां येणारें संकट ठराविक आहे, जवळ आहे, फक्त यावयाचें बाकी आहे. या धास्तीला "ॲप्रिहेन्सिव्ह" म्हणतात : "आय ॲम ॲप्रिहेन्सिव्ह अबाउट द स्टॉर्म." शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं किंवा मुलाखतीच्या दारांत जें वाटतें, तेंहि हेंच. त्याच वेळीं पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाला बातमी कळते कीं गांवाकडे गारा सुरू झाल्या. फोन लागत नाहीं. काय झालें तें कळत नाहीं. त्याचा जीव टांगणीला लागला आहे. त्याच्यासाठीं "अँक्शस" हा शब्द : "आय ॲम अँक्शस अबाउट यू ऑल." वाट पाहणें आणि भिणें हीं दोन्ही ज्यांत एकत्र असतात, ती ही अवस्था. आणि ज्या शेजाऱ्याची बाग मागल्या वर्षीं गारांनीं साफ झोडपून गेली, त्याच्या पोटांत गारांच्या नुसत्या नांवानें गोळा येतो. तो म्हणेल, "आय ड्रेड हेल." "ड्रेड" ही शिडीची शेवटची पायरी. ती वारंवार चढूं नये. किरकोळ गोष्टीला मोठा शब्द वापरला कीं मोठ्या गोष्टीला शब्द उरत नाहीं.

या शब्दांच्या मूळ अर्थाकडे पाहिलें तर एक विलक्षण गोष्ट दिसते. "वरी" हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ गळा आवळणें. कुत्रा मेंढराच्या नरडीला धरून तिला हिसडतो, त्या क्रियेला अजूनहि इंग्रजींत हेंच क्रियापद लावतात. "अँक्शस" हा लॅटिन भाषेंतून आलेला; त्याच्या मुळाशींहि आवळणें, घोटणें हाच अर्थ आहे. "ॲप्रिहेन्सिव्ह" यांतील मूळ क्रियापदाचा अर्थ पकडणें. म्हणजे भविष्याची चिंता गळ्याशीं येते, हा अनुभव त्या लोकांनीं शब्दांत बांधून ठेवला. आपण तोच अनुभव काळजांत, छातींत आणि पोटांत ठेवला : आपलें काळीज धडधडतें, छातींत धस्स होतें, पोटांत गोळा उठतो, आणि मनांत शंकेची पाल चुकचुकते. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचें अंतर, हें तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले आहेत. माणसाचें शरीर सगळीकडे सारखेंच; भाषा फक्त बोट कोठें ठेवावें तें ठरविते.

यानंतर लहान शब्दांकडे वळूं. कारण इंग्रजींत मोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच अधिक घात करतात. "अँक्शस अबाउट" म्हणजे काळजींत असणें. पण "अँक्शस टु" म्हणजे उत्सुक असणें. "आय ॲम अँक्शस टु मीट युअर फादर" याचा अर्थ तुमच्या वडिलांना भेटण्याची मला उत्कंठा आहे. एक अबाउट गेला, टु आला, आणि काळजीची उत्कंठा झाली. तसेंच "अफ्रेड" या शब्दाचें. "मला मुलाची भीति वाटते" या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. मुलगा मारकुटा आहे म्हणून त्याचीच भीति, किंवा मुलगा नदीवर गेला आहे म्हणून त्याच्याबद्दल भीति. मराठींत प्रसंगावरून अर्थ कळतो. इंग्रजींत पहिल्या अर्थीं "अफ्रेड ऑफ हिम" आणि दुसऱ्या अर्थीं "अफ्रेड फॉर हिम" असें म्हणावें लागतें. कन्हानला पूर आला असतां घाटावर उभी राहिलेली आई "अफ्रेड ऑफ माय सन" म्हणाली, तर ऐकणारा मुलाला शोधावयास जाण्याऐवजीं त्याच्यापासून दूर पळेल!

"कन्सर्न्ड" याचीहि तीच गोष्ट. "कन्सर्न्ड अबाउट" म्हणजे चिंतित. "कन्सर्न्ड विथ" म्हणजे संबंधित. शाळेच्या दाखल्यावर "टु हूम इट मे कन्सर्न" असें छापलेलें आपण पाहतों. तेथें काळजीचा मागमूसहि नाहीं, ज्या कोणाचा संबंध येईल त्याला, एवढाच अर्थ आहे. आणि "आय ॲम अफ्रेड" हें तर आणखी फसवें आहे. फोनवर पलीकडची बाई म्हणते, "आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन." तिला भीति वगैरे कांहीं वाटत नसते, नकार गोड करून देण्याची ती एक शिष्ट रीत आहे. मराठींत "माफ करा हं" म्हणतात, तसें. ज्याचा माणूस आजारी आहे, त्यानें "अफ्रेड" हा शब्द ऐकून धसका घेऊं नये, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

एक शब्द आपण इंग्रजींतून उचलला आणि त्याला इतकें आपलेंसें केलें कीं, तो परत देतांना पंचाईत होते. तो शब्द "टेन्शन". नागपूरकडे लहान मुलाला सुद्धां परीक्षेचें टेन्शन येतें, आणि त्याचा बाप "टेन्शन नको घेऊ" म्हणून समजूत घालतो. आपल्या बोलण्यांत तो खुशाल असावा. परंतु परदेशीं माणसाशीं बोलतांना "आय हॅव टेन्शन" म्हटलें तर तो बुचकळ्यांत पडेल. कारण त्याच्या भाषेंत "टेन्शन" हा मुख्यत्वें दोरीचा ताण, स्नायूंचा ताण, किंवा दोन पक्षांमधील तणाव. तेथें "आय ॲम वरीड" किंवा "आय ॲम अंडर स्ट्रेस" म्हणावें.

भविष्याची काळजी म्हटली कीं "तर" आलाच. पाऊस आला तर? नोकरी गेली तर? येथें व्याकरणाचा एक खड्डा आहे. "पाऊस आला तर" यांत "आला" हें रूप दिसावयास भूतकाळाचें, पण अर्थ पुढचा. म्हणून मुलें "इफ द रेन केम" असें लिहितात. आणि जीं फार विचार करतात तीं "इफ द रेन विल कम" असें लिहितात. इंग्रजींत अशा ठिकाणीं साधा वर्तमानकाळ येतो : "व्हॉट इफ इट रेन्स?", "व्हॉट इफ आय फेल?" "केम" घातला म्हणजे तें घडण्याचा संभव फारच थोडा, असा सूर निघतो. त्याचप्रमाणें "विल" आणि "मे" यांतला फरकहि जाणून घ्यावा. "विल" म्हणजे होणारच. "मे" म्हणजे होण्याचा संभव आहे. "माइट" म्हणजे संभव आहे, पण थोडा. काळजींतल्या माणसाला सर्वच गोष्टी "विल" वाटतात. त्याला "मे" म्हणावयास शिकविलें कीं इंग्रजी तर सुधारतेंच. मनालाहि थोडा धीर येतो.

आणि "इन केस" हे दोन शब्द तर मला फार आवडतात. "टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स" : पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घे. येथें काळजी नुसती हळहळत बसत नाहीं, ती खुंटीवरची छत्री काढून हातांत देते. काळजी करण्याकडून काळजी घेण्याकडे जाण्याची ही पायवाट आहे, आणि माझ्या आजच्या विषयाचें सार मला या दोन शब्दांतच दिसतें.

श्रोत्यांना वाटेल कीं, हें सर्व शब्दांचें चोचलेपण. खऱ्या काळजीच्या वेळीं कोण शब्द निवडीत बसतो? म्हणून आपल्यांतल्याच दोन माणसांचीं उदाहरणें देतों. दोघांचीहि मायबोली मराठी. दोघांनींहि उद्यांची चिंता इंग्रजींत, चारचौघांसमोर, नेमकेपणानें मांडली.

पहिलें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. जन्म १८६५ चा. लग्नानंतर पति गोपाळराव यांच्या आग्रहानें त्या इंग्रजी शिकल्या, आणि अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांतल्या रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशीं त्यांचा इंग्रजींत पत्रव्यवहार सुरू झाला. वैद्यक शिकण्यासाठीं एकटीनें समुद्र ओलांडण्याचा त्यांनीं निश्चय केला, तेव्हां चहूंकडून प्रश्नांचा भडिमार झाला. १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील सेरामपूर कॉलेजांत त्यांनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें. वय अठराहि पुरें नव्हतें. त्या व्याख्यानाची मांडणी पाहण्यासारखी आहे. लोक जीं भयें दाखवीत होते, तीं त्यांनीं स्वतःच एकेक प्रश्न करून समोर ठेविलीं : एकटी कां जातेस? परत आल्यावर जातिबहिष्कार पडणार नाहीं काय? तेथें कांहीं संकट ओढवलें तर काय करशील? आणि एकामागून एक त्यांचीं उत्तरें दिलीं. भीति नाहींच, असें त्या म्हणाल्या नाहींत; भीतीला त्यांनीं प्रश्नाचें रूप दिलें, आणि प्रश्नाला उत्तर देतां येतें. एप्रिल महिन्यांत त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. पुढें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. शब्दांनीं संकट टळत नाहीं, हें खरें. परंतु संकटाच्या तोंडावर उभें राहून पुढें पाऊल कसें टाकावें, हें त्या व्याख्यानांत आहे.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत त्यांनीं समारोपाचें भाषण केलें. दुसऱ्या दिवशीं घटना स्वीकृत व्हावयाची होती. सर्वत्र आनंद होता. अशा वेळीं त्यांनीं सांगितलें कीं, देशाच्या भविष्याविषयीं आपलें मन चिंतेनें भरलेलें आहे. त्यांनीं शब्द वापरले ते "अँक्शस" आणि "अँग्झायटी" हे. "फिअर" म्हटलें असतें तर घाबरल्यासारखें दिसलें असतें. "कन्सर्न" म्हटलें असतें तर कचेरींतल्या कागदासारखें वाटलें असतें. ज्याचा निकाल अजून लागावयाचा आहे आणि ज्यांत आपला जीव गुंतला आहे, अशा गोष्टीसाठीं तोच शब्द योग्य होता. आणि ते नुसती चिंता सांगून थांबले नाहींत. भारतानें पूर्वीं एकदां स्वातंत्र्य गमावलें होतें, तें पुन्हा जाईल काय, हें कारण त्यांनीं दिलें. आणि उपायहि तीन सांगितले : सनदशीर मार्ग सोडूं नये, कितीहि थोर असला तरी एका माणसाच्या चरणीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये, आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्यावी.

या थोरांचें अनुकरण आपणांस घरच्या घरीं करतां येतें. काळजीचें चांगलें बोलणें तीन पायांवर उभें असतें : काय वाटतें, कां वाटतें, आणि काय व्हावें. रुग्णालयांत मीं हे तीन पाय धरले असते, तर बोलणें असें झालें असतें : "वुई आर वरीड. हिज बॉडी वॉज वॉर्म लास्ट नाईट, अँड द फीव्हर मे कम बॅक. कॅन यू कीप हिम वन मोअर डे?" तीन वाक्यें, एकहि अवघड शब्द नाहीं. डॉक्टरांनीं काय ठरविलें असतें तें मी सांगूं शकत नाहीं. पण त्यांना ठरवावयास खरी हकीकत तरी मिळाली असती.

मुलांना हे शब्द शिकवितांना समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करवूं नयेत, अशी माझी पालकांस विनंति आहे. यादींतले शब्द तोंडावर येतात, पण प्रसंगावर येत नाहींत. त्यापेक्षां एक वही घालावी. आठवड्यांतून एक दिवस, जेवणें झाल्यावर, घरांतल्या प्रत्येकानें पुढच्या दिवसांतली एक खरीखुरी काळजी प्रथम मराठींत सांगावी. बहीण परीक्षेची सांगेल, वडील हप्त्याची सांगतील, आजी गुडघ्याची सांगेल. मग ती शिडीच्या कोणत्या पायरीवर बसते तें सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि पूर्ण वाक्य त्याच्या लहान शब्दासकट वहींत लिहावें. शब्द सुटा लिहूं नये. "अफ्रेड" असें न लिहितां "अफ्रेड फॉर माय ब्रदर" असें लिहावें. शेवटीं एक वाक्य "इन केस" चें, म्हणजे त्या काळजीवर उद्यां काय करावयाचें त्याचें. अशीं पन्नास वाक्यें वर्षभरांत सहज जमतात, आणि तीं जन्माला पुरतात.

या वहीचा आणखी एक लाभ आहे, आणि मला तो इंग्रजीहून मोठा वाटतो. पुष्कळ घरांत मुलें आपली काळजी कोणत्याच भाषेंत बोलत नाहींत. निकालाच्या आदल्या रात्रीं मूल गप्प असतें, आणि आपण त्याला शहाणें समजतों. इंग्रजी शिकण्याच्या निमित्तानें कां होईना, त्याच्या मनांतलें बाहेर आलें, आणि आईबापांनीं तें न रागावतां ऐकून घेतलें, तर तें घर परीक्षेंत कधींच नापास व्हावयाचें नाहीं. जें मराठींत सांगतां आलें नाहीं, तें इंग्रजींत सांगतां येत नाहीं; भाषांतर करावयास मूळ तर पाहिजे.

माझी वेळ संपत आली आहे. आमचे शेजारी म्हातारे आज हयात नाहींत. त्या तापांतून उठून ते पुढें पुष्कळ वर्षें जगले, आणि वय होऊन शांतपणें गेले. पण मी त्यांच्या समाचाराला जाई, तेव्हां ते मला हंसत हंसत म्हणत, "गुरुजी, तुमचं ते डाउट आता कसं आहे?" त्यांनीं तो शब्द चांगला ध्यानांत ठेवला होता. आपणहि ठेवावा, एवढीच प्रार्थना.